साडेदहा इंची एआर : पिस्तूल की रायफल? स्टॉक, ग्रिप लावली तर चालतं का (टेक्सास, ग्रीन कार्ड)

फ्रिस्कोकर :

नमस्कार मंडळी. मी डॅलसच्या उत्तरेला राहतो, ग्रीन कार्ड आहे, अजून सिटिझन नाही. ऑफिसातल्या एका अमेरिकन मित्रामुळे रेंजवर जायला लागलो आणि आता स्वतःचं काहीतरी घ्यावं असं डोक्यात आहे. परवा दुकानात एक एआर-१५ टाइपचं बघितलं, बॅरल साडेदहा इंच, मागे खांद्याला टेकवायचा स्टॉक नाही, त्याजागी रबरी फ्लॅप आणि पट्टा असलेला ब्रेस. दुकानदार म्हणाला हे कागदोपत्री पिस्तूल आहे. शेजारीच सोळा इंच बॅरलवाली होती, तीच गोळी तेच मॅगझिन, ती मात्र रायफल. मला दोन्ही बंदुका भावंडंच दिसत होत्या, मग एकीला पिस्तूल आणि दुसरीला रायफल कशावरून म्हणायचं?

आता मुख्य प्रश्न. तो मित्र म्हणतो की त्याच्याकडे एक जास्तीचा स्टॉक पडून आहे, तो घे आणि ब्रेस काढून लाव, धरायला सोपं जातं. आणि पुढे हाताला पकड म्हणून उभी फोरग्रिप लाव, ऑनलाइन वीस-पंचवीस डॉलरला मिळते. दुसरा एक जण म्हणाला की असं केलंस तर फेडरल गुन्हा होतो. तिसरा म्हणाला तो नियम कोर्टाने रद्द केला, आता सगळं चालतं. इंटरनेटवर शोधलं तर २०१५ पासूनचे लेख निघतात आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो, त्यातला आजचा कुठला हे कळत नाही.

इथे बरेच जण टेक्सासात जुने आहेत, कोणी नीट समजावून सांगेल का? घरात दोन लहान मुलं आहेत, बायकोला मुळात हे फारसं पसंत नाही, त्यामुळे जे करायचं ते शंभर टक्के कायद्यात बसणारं हवं.

जुना_टेक्सन :

फ्रिस्कोकर, घ्यायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं. थोडं लांबण लागेल पण पूर्ण वाचा.

फेडरल कायद्यात रायफल म्हणजे जी खांद्याला लावून झाडण्यासाठी डिझाइन केलेली, बनवलेली किंवा नंतर बदललेली आहे ती, आणि जिच्या नळीत आटे आहेत. पिस्तूल म्हणजे जे मुळात एका हातात धरून झाडण्यासाठी बनवलंय आणि ज्याची मूठ नळीच्या खाली कोनात येते. बस. गोळी किती ताकदीची, मॅगझिन किती मोठं, दिसतं कसं, याचा इथे काहीही संबंध नाही. म्हणून तुम्ही बघितलेली दोन्ही एकाच सांगाड्याची असूनही एक पिस्तूल, एक रायफल.

आता रायफल म्हटलं की तिची नळी किमान १६ इंच आणि एकूण लांबी किमान २६ इंच पाहिजे. त्याहून आखूड झाली की ती शॉर्ट बॅरल रायफल, आणि ती आधी एटीएफकडे (बंदुकांचं फेडरल खातं) नोंदवल्याशिवाय जवळ ठेवणं गुन्हा, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. तुमच्या साडेदहा इंचीला मित्राचा स्टॉक लावला की ती खांद्याला लावायची वस्तू झाली, म्हणजे रायफल झाली, आणि नळी साडेदहाच आहे. म्हणजे स्क्रू फिरवला त्या क्षणी तुम्ही बिननोंदणीची शॉर्ट बॅरल रायफल बनवलीत. गोळी झाडा न झाडा.

उभ्या फोरग्रिपचं वेगळं. पिस्तूल एका हाताने धरायचं ना, मग पुढे दुसऱ्या हातासाठी उभी मूठ लावली की एटीएफच्या मते ते पिस्तूल राहत नाही, रायफलही होत नाही, ते जातं 'एनी अदर वेपन' नावाच्या तिसऱ्याच खणात, आणि त्यालाही तीच नोंदणी लागते. तिरकी ग्रिप किंवा हँडस्टॉप चालतो. रेड डॉट, स्कोप, टॉर्च, लेझर, स्लिंग, पुढचा फ्लॅश हायडर, कॉम्पेन्सेटर, यातल्या कशानेही वर्ग बदलत नाही, टेक्सासात बिनधास्त लावा. मॅगझिनला इथे मर्यादा नाही. देशभर १० गोळ्यांची होती ती १९९४ ते २००४ एवढीच.

हे इतकं विचित्र का, हा प्रश्न मलाही बरीच वर्षं पडायचा, कारण आखूड नळीतून गोळी कमी वेगाने सुटते, म्हणजे जी कमी ताकदीची तिच्यावरच जास्त बंधन. त्याचं उत्तर १९३४ मध्ये आहे. दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांनी टॉमी गन घेऊन धुमाकूळ घातल्यावर रूझवेल्टचे अ‍ॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट आणला. मूळ मसुद्यात साधी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरसुद्धा होती, सगळ्यांना नोंदणी आणि टॅक्स. मग पिस्तुलावर बंधन घातलं तर लोक रायफल कापून पिस्तुलाएवढी करतील, ती वाट बुजवायला आखूड रायफल आणि आखूड शॉटगनचं कलम. पुढे काँग्रेसमध्ये विरोध झाला आणि पिस्तुलं यादीतून काढली, पण कापलेल्या रायफलचं कलम काढायचं कोणाला सुचलं नाही. घर विकलं आणि कुंपण तेवढं आपल्या नावावर राहिलं, तसं झालं. रायफलची मर्यादा तेव्हा १८ इंच होती, १९६० मध्ये ती १६ केली. बाकी ढाचा आजही तोच आणि आपण त्या कलमाखाली साडेदहा आणि सोळाचा हिशोब करतोय.

नळी मोजायची पद्धतही ठरलेली आहे. बोल्ट बंद करायचा, नळीच्या तोंडातून काठी आत बोल्टपर्यंत टेकवायची आणि तोंडाशी खूण करून मोजायची, अर्थात बंदूक रिकामी आहे हे आधी दोनदा बघून. पुढे आट्यांवर फिरवून लावलेला फ्लॅश हायडर त्यात धरत नाहीत, तो पिन मारून वेल्ड केला असेल तरच धरतात. बाजारात साडेचौदा इंची नळीला पुढे तुकडा वेल्ड करून सोळा केलेल्या रायफली मिळतात त्या यामुळेच.

डावखुरा :

एवढं घाबरवू नका हो त्यांना. ब्रेसवाला नियम कोर्टाने उडवलाय, दुकानादुकानात ब्रेसवाली पिस्तुलं खुलेआम विकतात. आणि टेक्सासने तर शॉर्ट बॅरल स्वतःच्या बंदी यादीतूनच काढून टाकलं. रेंजवर आजपर्यंत कोणाला नळी मोजताना बघितलेलं नाही. स्टॉक लावला काय आणि ब्रेस लावला काय, कोण येतंय बघायला.

जुना_टेक्सन :

डावखुरा, तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात आणि नेमकं त्यातूनच लोक अडकतात, म्हणून सुट्या करून सांगतो.

ब्रेस २०१२ मध्ये आला. एका माजी सैनिकाला अपंगत्वामुळे एका हाताने जड एआर पिस्तूल धरता येत नव्हतं, त्याच्यासाठी हाताच्या पुढच्या भागाला पट्ट्याने बांधायची ही वस्तू निघाली आणि एटीएफने त्याच वर्षी पत्र देऊन सांगितलं की याने पिस्तुलाची रायफल होत नाही. मग लोक तो खांद्याला टेकवू लागले. २०१५ मध्ये एटीएफ म्हणालं खांद्याला टेकवलात तर तुम्ही रायफल बनवलीत, २०१७ मध्ये ते म्हणणं मोठ्या प्रमाणात मागे घेतलं. मग ३१ जानेवारी २०२३ ला नवा नियम छापला, त्याने बहुतेक ब्रेसवाली पिस्तुलं एका झटक्यात शॉर्ट बॅरल रायफल ठरवली आणि मे अखेरपर्यंत नोंदवा, ब्रेस काढा नाहीतर मोडून टाका असं सांगितलं. एटीएफचाच अंदाज होता की लोकांकडे तीसेक लाख ब्रेस आहेत, आणि नोंदणीचे अर्ज आले अडीच लाखांच्या आसपास. म्हणजे दहातल्या नऊ जणांनी अर्ज केलाच नाही. १३ जून २०२४ ला आपल्या इथल्या, फोर्ट वर्थच्या फेडरल जज रीड ओकॉनर यांनी तो नियम पूर्ण रद्द केला आणि २०२५ मध्ये सरकारने अपीलही सोडून दिलं. गंमत म्हणून नाही, संदर्भ म्हणून सांगतो, दुसऱ्याच दिवशी, १४ जूनला, सुप्रीम कोर्टाने ऑस्टिनच्या मायकल कारगिल यांच्या केसमध्ये बंप स्टॉकची (सेमी-ऑटो रायफल झपाट्याने झाडता येईल असा स्टॉक) बंदी ६ विरुद्ध ३ ने उडवली. लोकांच्या डोक्यात या दोन निकालांचा एकच काला झालाय आणि 'आता सगळं चालतं' हे तिथून आलंय.

रद्द झाला तो २०२३ चा नियम. १९३४ चा कायदा जागच्या जागी आहे. ब्रेस म्हणून विकलेला ब्रेस लावलेलं पिस्तूल दुकानातून घेतलं तर ठीक, पण मित्राने दिलेला तो स्टॉक म्हणजे स्टॉकच, त्याला कुठल्याही कोर्टाने कधीही सूट दिलेली नाही.

टेक्सासचं म्हणाल तर २०२५ मध्ये राज्याने स्वतःच्या यादीतून शॉर्ट बॅरल काढलं हे खरं. त्याचा अर्थ टेक्सासचा पोलीस त्या एका कारणाने राज्याच्या कायद्याखाली पकडणार नाही, इतकाच. फेडरल कायद्याला टेक्सासच्या विधिमंडळाचा हात लागत नाही.

न्यायपट :

मी ह्युस्टनमध्ये एका इमिग्रेशन वकिलांकडे काम करते, वकील नाही, पण 'कोण येतंय बघायला' हे वाचून राहवलं नाही.

फ्रिस्कोकर, तुमचा अमेरिकन मित्र तो स्टॉक लावेल तर त्याची रिस्क वेगळी आणि तुमची वेगळी. सिटिझन पकडला गेला तर दंड, तुरुंग, रेकॉर्ड. तुमच्या बाबतीत इमिग्रेशन कायद्यात बंदुकीच्या गुन्ह्यासाठी स्वतंत्र कलम आहे, ग्रीन कार्डवाला बंदूक किंवा तिचा पार्ट किंवा अ‍ॅक्सेसरी बेकायदा बाळगल्याबद्दल दोषी ठरला की डिपोर्ट होऊ शकतो, आणि हो, 'पार्ट' आणि 'अ‍ॅक्सेसरी' हे शब्द त्या कलमातच आहेत. त्यात किती वर्षं इथे राहिलात, घर आहे का, मुलं इथे जन्मली का, याने कलम लागायचं थांबत नाही.

यापुढचं जास्त वाईट आहे. नोंदणी नसलेली शॉर्ट बॅरल रायफल, सायलेन्सर किंवा ती तिसऱ्या खणातली वस्तू बाळगण्याचा जो गुन्हा आहे तो इमिग्रेशन कायद्यात 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी'च्या यादीत नाव घालून दिलेला आहे. अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी लागली की इमिग्रेशन जजकडे दयेचा जो मुख्य मार्ग असतो तो बंद होतो, आणि सिटिझनशिप कायमची जाते. क्रिमिनल वकिलाने 'प्ली घे, प्रोबेशनवर सुटशील' म्हटलं आणि माणूस प्रोबेशनवर सुटून थेट डिटेन्शनमध्ये गेला असं होतं, कारण क्रिमिनल बाजूला हलकं वाटणारं इमिग्रेशनच्या बाजूला सगळ्यात जड असतं. म्हणून कधीही पोलिसांचा विषय आला तर दोन्ही वकील एकाच वेळी लागतात.

रेंजवर कोणी मोजत नाही हे मान्य. पण गाडीला मागून कोणी धडकतं, पोलीस येतात, ट्रंक उघडी असते. घटस्फोटात रागाच्या भरात कोणी फोन करतं. घरात चोरी होते आणि तुम्ही स्वतः पोलिसांना यादी देता. केसेस अशाच सुरू होतात.

फ्रिस्कोकर :

बापरे. न्यायपट ताई, जुना टेक्सन, दोघांचे मनापासून आभार. पार्ट आणि अ‍ॅक्सेसरी हे शब्द कायद्यात आहेत हे कोणीच सांगितलं नव्हतं, दुकानदारानेही नाही.

एक शंका. स्टॉक नुसता घरी आणून ठेवला, लावला नाही, तर? आणि मी पिस्तूल घेऊन नंतर सोळा इंची नळी बसवून त्याची रायफल करू शकतो का? म्हणजे एकच सांगाडा, दोन नळ्या.

जुना_टेक्सन :

दुसरा प्रश्न आधी. हो, करू शकता, आणि त्यावर सुप्रीम कोर्टाचा १९९२ चा निकाल आहे, थॉम्पसन सेंटर आर्म्स कंपनीचा. ते एक पिस्तूल आणि त्यासोबत किट विकायचे, किटमध्ये स्टॉक आणि २१ इंची नळी. एटीएफ म्हणालं की पिस्तुलाची आखूड नळी आणि स्टॉक एकत्र होऊ शकतात म्हणून ही शॉर्ट बॅरल रायफलच. कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण त्या सुट्या भागांचा एक कायदेशीर उपयोग होता, लांब नळीची रायफल. पुढे २०११ मध्ये एटीएफनेही मान्य केलं की मुळात पिस्तूल असलेलं हत्यार रायफल करून परत पिस्तूल करता येतं.

उलटं चालत नाही हे डोक्यात पक्कं बसवा. दुकानातून रायफल म्हणून निघालेली बंदूक आखूड करून, स्टॉक काढून पिस्तूल करता येत नाही, ती कायद्याने 'रायफलपासून बनवलेलं हत्यार' राहते. म्हणून नुसता सांगाडा विकत घेतला असेल तर तो पहिल्यांदा पिस्तूल म्हणून जोडला की रायफल म्हणून, याला महत्त्व असतं, आणि पिस्तूल म्हणून जोडल्याचे तारखेसकट फोटो ठेवणारे लोक मला माहीत आहेत, मला तो शहाणपणा वाटतो. क्रमही सांभाळायचा. रायफल करताना आधी सोळा इंची नळी, मग स्टॉक. परत पिस्तूल करताना आधी स्टॉक काढायचा, मग नळी बदलायची. अधल्यामधल्या पाच मिनिटांतही साडेदहाची नळी आणि स्टॉक एकत्र येता कामा नयेत.

आता स्टॉक नुसता ठेवण्याबद्दल. घरात सोळा इंची नळी असेल, तर त्या स्टॉकला कायदेशीर जागा आहे. घरात फक्त साडेदहाचं पिस्तूल आणि स्टॉक एवढंच असेल, तर त्या स्टॉकचा दुसरा काय उपयोग होता हे तुम्हाला सांगता येणार नाही. मी तर तो मित्राकडेच राहू देईन.

ऑस्टिनची_चिमणी :

मध्येच विचारते, माफ करा. आम्ही दोघं एच-१बी आणि एच-४ वर आहोत. ऑफिसची टीम आउटिंग रेंजवर आहे, बंदूक विकत घ्यायची नाही, तिथलीच भाड्याने घेऊन झाडायची. हे तर चालतं ना? सगळे म्हणतात की रेंजवर चालतं.

न्यायपट :

चिमणी, थांबा. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ हे सगळे नॉनइमिग्रंट व्हिसा, आणि त्यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस 'बाळगायला'च मनाई आहे, नुसती विकत घ्यायला नाही. भाड्याची बंदूक रेंजवर हातात घेतली तरी ते बाळगणंच. यातून सुटायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स, ते अपवादात बसतं. टेक्सासात ऑनलाइन मिळतं. दोघांनी झाडायचं असेल तर दोघांची वेगळी, आणि रेंजवर जाताना जवळ ठेवा.

पण लायसन्स तुम्ही स्टेटसमध्ये असाल तोपर्यंतच कामाचं. स्टेटस गेलं की वेगळं कलम लागतं आणि त्याला हंटिंग लायसन्सचा अपवाद नाही. हमीद रेहैफ नावाच्या विद्यार्थ्याची केस बघा. यूएईहून स्टुडंट व्हिसावर फ्लोरिडात आलेला, मार्कांमुळे युनिव्हर्सिटीने काढून टाकलं, व्हिसा संपला, आणि तो रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. त्यावर फेडरल केस, शिक्षा. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने त्याची शिक्षा उलटवली, म्हणाले की आपण स्टेटसबाहेर आहोत हे त्याला माहीत होतं हे सरकारने सिद्ध करायला हवं होतं. पण हे व्हायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. आणि लेऑफ झालेल्या, ग्रेस पिरियड संपलेल्या माणसाला 'मला माहीत नव्हतं' म्हणणंही अवघड.

अजून एक, सगळ्यांसाठीच. दुकानात बंदूक घेताना भरायच्या ४४७३ फॉर्मवर गांजाबद्दल प्रश्न असतो. कोलोरॅडोत कायदेशीर आहे म्हणून तिथे सुट्टीत घेणारे आपल्यातही आहेत. फेडरल कायद्यात तो अजूनही बेकायदा, तसं फॉर्मवर स्पष्ट छापलेलं आहे, आणि त्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतःच गुन्हा.

एडिसनकर :

टेक्सासवाल्यांनी वाचून झाल्यावर हे पण वाचा, कारण नोकऱ्या बदलून आपले लोक डॅलसहून न्यू जर्सीला येतच असतात आणि सामान तसंच ट्रकमध्ये भरतात.

इथे पिस्तूल घ्यायला प्रत्येक पिस्तुलामागे वेगळं परमिट. मॅगझिन दहा गोळ्यांचं, त्याच्यापेक्षा मोठं नुसतं कपाटात असलं तरी गुन्हा. सायलेन्सर पूर्ण बंद. आणि फ्रिस्कोकरांनी बघितलंय ते एआर पिस्तूल, त्याचं मॅगझिन मुठीच्या बाहेर लागतं आणि वजन ५० औंसाच्या वर जातं, एवढी दोनच लक्षणं इथल्या नियमात 'असॉल्ट फायरआर्म' व्हायला पुरतात. वर नळीच्या तोंडाला आटे असतील तर तिसरं. त्याला इथे पाच ते दहा वर्षं शिक्षा आणि ग्रेव्ह्ज अ‍ॅक्टमुळे किमान साडेतीन वर्षं पॅरोल नाही. म्हणजे जी वस्तू प्लॅनोच्या दुकानात काउंटरवर मिळते ती एडिसनमध्ये घरात असली तरी माणूस आत. कॅलिफोर्नियात थोडं वेगळ्या शब्दांत तेच आहे. इलिनॉयने जानेवारी २०२३ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये अशा हत्यारांची विक्री बंद केली.

रस्त्याने दुसऱ्या राज्यातून जाताना १९८६ चा फेडरल कायदा संरक्षण देतो, रिकामी, कुलपात, हाताला येणार नाही अशी. पण त्यावर फार विसंबू नका. युटाचा एक प्रवासी २००५ मध्ये नेवार्कला विमान बदलत होता, पेनसिल्व्हेनियाला जायचं होतं, पुढचं विमान चुकलं, बॅग हातात मिळाली आणि ती घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला. सकाळी चेक-इनला त्याने स्वतःहून सांगितलं की बॅगेत पिस्तूल आहे, आणि अटक झाली. आरोप नंतर मागे घेतले, पण त्याने केलेली नुकसानभरपाईची केस तो २०१० मध्ये अपिलात हरला, कारण हॉटेलात रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती. या केसबद्दल मला आजही वाईट वाटतं, माणूस प्रामाणिकपणे वागला आणि त्यातच सापडला.

रंकाळा_९० :

कोल्हापूरहून लिहितोय, एअर पिस्तूल मारतो, त्यामुळे धागा उत्सुकतेने वाचला. आमच्याकडे ही भानगडच वेगळी. भारतात आखूड-लांब हा मुख्य प्रश्न नाही, बोअर (नळीचं माप) प्रोहिबिटेड की नॉन-प्रोहिबिटेड हा प्रश्न. .३२ चं पिस्तूल आणि .३१५ ची रायफल सामान्य माणसाला लायसन्सवर मिळू शकते, ९ मिमी मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं, आधी तीन होती. लायसन्सच मिळायला वर्षानुवर्षं जातात.

पण तुमचा ब्रेसवाला वाद वाचून एक सांगावंसं वाटलं. स्पर्धेच्या नियमात पिस्तूल म्हणजे एका हातात आणि मनगट पूर्ण मोकळं, ग्रिपने तळहाताच्या पलीकडे मनगटाला आधार दिलेला चालतच नाही, मॅचआधी इक्विपमेंट कंट्रोलला बघतात. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम, तेही वजन टांगून तपासतात. राही सरनोबत पंचवीस मीटर पिस्तूलवाली आणि स्वप्नील कुसाळे पन्नास मीटर रायफलवाला, दोघंही आमच्याच जिल्ह्याचे, आणि दोन्ही खेळांत शरीराचा वापर इतका वेगळा आहे की आम्हाला पिस्तूल कुठलं आणि रायफल कुठली हा प्रश्न कधी पडला नाही. हाताला बांधायचा पट्टा हे आमच्याकडे पिस्तूल म्हणून पहिल्याच टेबलावर बाद झालं असतं.

आणि अमेरिकेतून येणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती. रेंजला नेलेली बॅग भारतात येताना वापरू नका. तळाशी एखादं काडतूस राहून जातं आणि मुंबई-दिल्लीच्या स्कॅनरमध्ये दिसलं की आर्म्स अ‍ॅक्टची केस. नकळत राहिलं असेल तर हायकोर्ट अशा केसेस रद्द करतं, पण तोवर सुट्टी, तिकीट, पासपोर्ट सगळं लटकतं.

डावखुरा :

इमिग्रेशनची बाजू खरंच माहीत नव्हती, मी सिटिझन असल्यामुळे तसा विचारच केला नाही. फ्रिस्कोकर, माझं ऐकू नका, त्या दोघांचं ऐका.

पण मग ज्याला खरंच आखूड रायफलच हवी, त्याने काय करायचं? नोंदणी तर आता फुकट झाली ना?

जुना_टेक्सन :

हो, टॅक्स शून्य झाला. २०० डॉलर हा आकडा १९३४ पासून तसाच होता, तेव्हा ती फार मोठी रक्कम होती. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर, आखूड रायफल, आखूड शॉटगन आणि त्या तिसऱ्या खणासाठी टॅक्स शून्य केला. मशीनगनला तो तसाच आहे. लोक याला 'नोंदणी गेली' समजतात. नोंदणी गेलेली नाही. अर्ज, फोटो, बोटांचे ठसे, एटीएफची मंजुरी, सगळं आहे. टॅक्सच शून्य तर टॅक्सच्या अधिकारावर उभा असलेला कायदा टिकतो कसा, असे दावे लोकांनी दाखल केलेत, पण त्यांच्या भरवशावर आज स्टॉक लावायचा नाही.

स्वतः आखूड रायफल करायची तर फॉर्म १. आधी मंजुरी हातात यायला हवी आणि मगच स्टॉक बसवायचा, सांगाड्यावर बनवणारा म्हणून तुमचं नाव, शहर, राज्य कोरून घ्यावं लागतं. ग्रीन कार्डवाल्यालाही अर्ज करता येतो. आणि एकदा ती नोंदवलेली आखूड रायफल झाली की राज्याबाहेर न्यायला आधी एटीएफची लेखी परवानगी. सायलेन्सरला ही परवानगी लागत नाही, पण ज्या आठ राज्यांत सायलेन्सर बंद आहे तिथे नेता येत नाहीच.

ऑनलाइन स्वस्तातल्या वस्तूंबद्दल एक. 'क्लिनिंग किट', 'सॉल्व्हेंट ट्रॅप' नावाने नळकांडी विकतात, त्यातली कित्येक एटीएफ सायलेन्सर मानतं. आणि पिस्तुलाच्या मागे लावून ते सलग झाडायला लावणारं नखाएवढं 'स्विच', ते तर एकटंच, पिस्तूल नसतानाही, कायद्याने मशीनगन. पार्सल घरी आलं म्हणजे ते कायदेशीर असा अर्थ होत नाही.

फ्रिस्कोकर, माझं सरळ मत. पहिली बंदूक सोळा इंची रायफल घ्या. स्टॉक लावा, उभी ग्रिप लावा, पाहिजे ते लावा, रायफलला ते सगळं चालतं आणि रेंजवर धरायलाही तीच सोपी. तुमचा जो मूळ त्रास आहे की ब्रेसवाली नीट धरता येत नाही, तो तिथेच संपला. आखूडच हवी वाटली तर सिटिझनशिप झाल्यावर बघा. आणि मुलं लहान आहेत तर सेफ त्याच दिवशी घ्या. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हाही टेक्सासात गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी घेतलीच पाहिजे.

फ्रिस्कोकर :

ठरलं, सोळा इंची. मित्राला कळवलं की स्टॉक तुझ्याकडेच राहू दे, त्यालाही हे अ‍ॅक्सेसरीवालं कलम माहीत नव्हतं, त्याच्या टीममध्ये दोघं एच-१बी वर आहेत त्यांनाही तो आता सांगणार आहे. बायकोला हा धागा वाचायला दिला, तिची अट एकच, सेफ आधी येणार, बंदूक नंतर. शनिवारी सेफ बघायला जातोय. भिंतीला बोल्ट करायचा घ्यावा की जड उभा, आणि भाड्याच्या घरात बोल्ट मारायला मालकाची परवानगी लागते का, कोणी केलं असेल तर सांगा.

एडिसनकर :

परवानगी लिहून घ्या, ईमेलवर दोन ओळी पुरे. जमत नसेल तर मुलांच्या दृष्टीने छोटा सेफ घेऊन त्याची स्टीलची दोरी पलंगाच्या लोखंडी सांगाड्याला अडकवतात, पण त्यात रायफल मावणार नाही, म्हणून तुम्हाला उभाच लागेल. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली मुलांना माहीत असलेल्या ड्रॉवरमध्ये नको.